आडोसा

कार्यशाळेच्या सुरुवातीला कुणी पाहुणे माइक हातात घेऊन ‘आज अगदी मोकळेपणानं बोलायचं बरं का, लाजायचं नाही’ असं म्हणाले की माझ्या पोटात गोळा येतो. सतरंजीवर बसलेल्या प्रत्येक मुलीला त्या क्षणी कळतं की आज काहीतरी लाजण्यासारखं होणार आहे. ओढण्या सारख्या होतात, माना खाली जातात, आणि मागच्या रांगेत चाललेली कुजबुज, जी खरं तर माझ्या कामाची होती, ती बंद पडते. पाहुणे सत्काराचं नारळ-शाल घेऊन निघून जातात. ती कुजबुज परत सुरू करायला मला पुढचा बराच वेळ खर्ची घालावा लागतो.

वयात येणं, पाळी, शरीर, मुलीच्या लग्नाचं वय, घरातली मारहाण या विषयांवर मी गावांतून आणि वस्त्यांमधून कार्यशाळा घेते. कधी माण-खटावकडच्या शाळा, कधी बीडकडचे बचत गट, कधी पुण्यातल्याच एखाद्या वस्तीतलं समाजमंदिर. लोक विचारतात, तुम्ही यांना बोलतं कसं करता हो? जणू बोलणं आत गोठून पडलंय आणि मी ते वितळवते. प्रत्यक्षात माणसं बोलायला टेकलेलीच असतात, त्यांना फक्त आडोसा हवा असतो. न्हाणीला दार नसेल तर जुनी साडी आडवी बांधून भागतं. आत बाई आंघोळ करतेय हे साऱ्या अंगणाला ठाऊक असतं, पण ती दिसत नाही, एवढं पुरतं. नाजूक विषयावरच्या बोलण्यालाही तेवढाच पडदा लागतो. तो बांधायचा, कुणी फाडू नये म्हणून राखायचा, आणि आपण स्वतः त्यातून डोकावायचं नाही, हे माझं काम.

‘आपल्याकडे या विषयांवर कुणी बोलतच नाही’ हे शहरात फार ऐकू येतं. मला ते पटत नाही. जात्यावरच्या ओव्या घ्या. गी प्वातवाँ, हेमा राईरकर हे अभ्यासक आणि त्यांच्याबरोबरच्या गावोगावच्या बाया यांनी मिळून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत रामाची सीता आहे, विठ्ठल आहे, भाऊराया आहे. आणि दारुडा नवरा आहे, सासुरवास आहे, मूल नसल्याचे टोमणे आहेत, बाईचा जन्म नको म्हणणंही आहे. पहाटेचा अंधार, हात खुंट्याला, तोंड जात्याकडे. सांगायचं ते जात्याला. त्याला ईश्वर म्हणून हाक मारायची आणि मनातलं ओतायचं. सासू दोन हातांवर अंथरुणात जागी असते, तिला सगळं ऐकू जात असतं, पण तिला हरकत घेता येत नाही. सून तर सीतेचा वनवास गातेय! गिरणी आली तेव्हा बायांचे कष्ट वाचले, ते फार बरं झालं. पण तो पडदाही गेला, आणि त्याच्या बदल्यात दुसरा काही कुणी बांधला नाही.

छापील जगात हा आडोसा र. धों. कर्व्यांनी उभा केला. मुंबईत १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक. वाचकांनी पत्रातून प्रश्न विचारायचे आणि कर्व्यांनी अंकातून उत्तरं द्यायची. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तरीही दंड झालाच. कर्वे दंड भरून परत मासिकाच्या कामाला लागले आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत ते चालवत राहिले. हस्तमैथुनानं अशक्तपणा येतो का, हे तेव्हाही लोक विचारत होते. माझ्या डब्यात ती चिठ्ठी अजून येते. जवळजवळ शंभर वर्षांत प्रश्न तसाच राहिला, याचा अर्थ उत्तर द्यायला कुणी फारसं उभंच राहिलं नाही.

डबा म्हणजे चिठ्ठ्यांचा डबा. आमच्या कामातलं सगळ्यात जुनं हत्यार. सगळे वापरतात आणि बहुतेक जण वाईट वापरतात. ‘ज्यांना काही प्रश्न असतील त्यांनी चिठ्ठीवर लिहून इथे आणून टाका’ असं जाहीर करतात. आता सांगा, तीस जणींच्या डोळ्यांदेखत उठून, चालत जाऊन, प्रश्न असल्याची जाहिरात कोण करेल? डबा संध्याकाळपर्यंत रिकामा राहतो आणि अहवालात लिहिलं जातं, ‘मुलींनी प्रतिसाद दिला नाही.’

मी कागद आदल्या रात्री घरी कापून नेते. सगळे एका मापाचे. वहीचं पान फाडायला सांगितलं तर कुणाचं दुरेघी, कुणाचं चौकटीचं, त्यावरून पत्ता लागतो. पेन्सिलीही माझ्याच, सगळ्या एकसारख्या. निळी शाई, काळी शाई, कुणाचं ते चमकीचं जेल पेन, वर्गाला सगळ्यांची पेनं पाठ असतात. मग मुख्य गोष्ट: लिहायचं सगळ्यांनी. प्रश्न नसेल तिनं आज खिचडीत काय होतं ते लिहायचं, किंवा पाठ असलेल्या कवितेची एक ओळ. पण पेन्सिल सगळ्यांची हलली पाहिजे. कागदाच्या चार घड्या घालायच्या आणि जागेवरून कुणीही उठायचं नाही. बिस्किटांचा पत्र्याचा डबाच रांगेतून फिरतो. वर्गशिक्षक त्या डब्याला हात लावत नाहीत, कारण त्यांना प्रत्येकीचं अक्षर ओळखू येतं. हे मी त्यांना आधीच, चहाच्या वेळी, बाजूला घेऊन सांगितलेलं असतं. काहींना राग येतो. येऊ दे.

पहिली चिठ्ठी उघडली की बहुतेक निघतं, ‘आज खिचडीत मटकी होती.’ हशा पिकतो. त्या हशाची मी वाट बघत असते, कारण त्यानंतर सगळ्यांची खात्री पटते की डब्यात खरंच काहीही असू शकतं आणि कुणाचं काय हे कळणार नाही. मग बाकीच्या येतात.

‘पाळीत लोणच्याला हात लावला तर ते नासतं का? मी लावला होता. नासलं नाही.’ ‘एक बाजूची छाती लहान आणि एक मोठी असं असतं का?’ ‘अंगावर पांढरं जातं म्हणून हाडं झिजतात का?’ ‘मैत्रिणीला सारखं चक्कर येते, ती सांगत नाही.’ ‘पोटात दुखतं तेव्हा सुट्टी हवी असते पण सर असतात.’

ती लोणच्याची चिठ्ठी मला फार आवडते. प्रयोग करून, निष्कर्ष काढून, तरीही विचारणारी ही बाई पुढेमागे शास्त्रज्ञ व्हायला हरकत नाही.

उत्तर देताना मी शक्यतो आकडा आणि वस्तू हातात धरते. पाळीत किती रक्त जातं म्हटलं तर मुली ‘तांब्याभर’ म्हणतात. एका पाळीत साधारण ३० ते ८० मिलिलिटर जातं. मी खोकल्याच्या औषधाचं दहा मिलिलिटरचं टोपण आणि कुंकू कालवलेलं पाणी काढते आणि एकीला बोलावून चहाच्या कपात ओतायला लावते. एक टोपण, दोन, तीन. कपाचा तळ जेमतेम झाकतो. आठ टोपणं ओतली तरी कप काठोकाठ भरत नाही. तिथे ‘एवढंच?’ असा आवाज येतो. त्याच ओघात सांगून टाकायचं, की दर तासा-दोन तासाला कापड भिजत असेल तर ते नेहमीचं नव्हे, डॉक्टरांकडे जायचं. आणि सुरुवातीची एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होत राहते, तिला घाबरायचं नाही. कपाकडे बघत ऐकताना कुणालाच कुणाच्या डोळ्यात बघावं लागत नाही.

मुलांचे तास वेगळे. तिथे एक सहकारी पुरुष बरोबर असतो, पण निम्म्या वेळा मीच घेते आणि आकाश काही कोसळत नाही. मुलांच्या चिठ्ठ्यांत सुरुवातीला शिव्या असतात. त्या मी वाचते, म्हणजे शिवीतला प्रश्न साध्या शब्दांत वाचते आणि सरळ उत्तर देते. आवाज जराही चढवायचा नाही आणि हसायचंही नाही. दोन-तीन अशा गेल्या की गंमत संपते आणि खरं भय बाहेर पडतं: ‘रात्री चड्डी खराब होते, आईला कळतं का?’ ‘एक थेंब वाया गेला की शंभर थेंब रक्त जातं म्हणे.’ एस. टी. स्टँडच्या मागच्या भिंती बघा, रस्त्याकडेच्या गुप्तरोगाच्या तंबूंच्या जाहिराती बघा, त्या सगळ्या या एका वाक्यावर पोट भरतात. असं काही नसतं, वीर्य शरीरात तयार होतच राहतं, झोपेत बाहेर आलं तर तो रोग नव्हे, हे ऐकल्यावर पोरांचे खांदे खाली येताना दिसतात. त्यांना मी सरकारी दवाखान्यातल्या ‘मैत्री’ क्लिनिकचा पत्ता देते. किशोरवयीनांसाठी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात हे मोफत सल्ल्याचं काम येतं. त्या खोलीच्या दारावरची पाटी भली मोठी असते आणि ती बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेसमोर असते, हे मात्र कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. आत सल्ला गुप्त, पण आत शिरलेलं अख्ख्या गावानं बघायचं!

एकदा चिठ्ठी आली, ‘मला मुलींबद्दल काही वाटत नाही, मित्राबद्दल वाटतं. यावर औषध आहे का?’ मी ती बाकीच्यांच्याच सुरात वाचली. औषध नाही, कारण हा आजार नाही. अशी माणसं सगळीकडे असतात, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा नसल्याचंही सांगितलंय. एवढं सांगून पुढची चिठ्ठी उघडली. ती मुरुमांची होती. मुद्दाम त्या प्रश्नापाशी जास्त थांबले नाही. थांबले असते तर वर्ग एकमेकांकडे बघायला लागला असता.

बचत गटाच्या बायकांपुढे चिठ्ठी चालत नाही. काहींना लिहायला जड जातं आणि लिहिता येणाऱ्या शेजारणीकडून लिहून घेतलं तर पडदा कसला? तिथे मी हातांना काम देते. मिटिंगच्या आधी गटप्रमुख ताईंना फोन करायचा, की ताई, शेंगा फोडायच्या असतील, मेथी निवडायची असेल, तर घेऊनच या सगळ्या. पहिल्यांदा त्यांना वाटतं मॅडम गंमत करतात. पण मेथीची जुडी मांडीवर असली की नजर खाली ठेवायला कारण मिळतं. वाक्य अर्धं सोडून पान तोडता येतं. जड काही बोलून झाल्यावर गप्प बसायची सोय होते. बोलणं कुणाला उद्देशून असावं लागत नाही.

बीडकडच्या एका गावात अशाच शेंगा फोडत बसलो असताना पिशवी काढण्याचा विषय निघाला. पिशवी म्हणजे गर्भाशय. ऊसतोडीला कोयता घेऊन जोडप्यानं जायचं, उचल आधीच घेतलेली, खाडा झाला की पैसे कापणार. पाळीत पाण्याविना, संडासाविना फडात राबायचं. मग अंगावर जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून खासगी दवाखान्यात गेलं की डॉक्टर म्हणणार, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. २०१९ मध्ये यावर गदारोळ झाल्यावर आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड कामगार बायांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढल्याचं आढळलं. हे आकडे मी सांगितले तेव्हा कुणी वर बघितलं नाही. मग एकजण शेंग दाताखाली फोडत म्हणाली, ‘आमच्या जावेची काढली. पोरगं पाजत होती तवा.’ दुसरी म्हणाली, ‘माह्या बहिणीची.’ तिसरी, ‘आमच्या गल्लीत चौघी.’ जाऊ, बहीण, गल्ली. खूप वेळानं एक बाई सुपातली टरफलं फुंकत म्हणाली, ‘काढल्यावर कंबर लई दुखती.’ कुणाची, ते तिनं सांगितलं नाही. शेजारणीनं तिच्या सुपात आपल्या मूठभर शेंगा टाकल्या आणि विषय पुढे सरकला: कागदपत्रं मागायची कशी, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं कुठे, मुकादमाला काय सांगायचं.

अशा वेळी ‘म्हणजे ताई, तुमचीच का?’ असं विचारणारी माणसं मी पाहिली आहेत. चांगल्या हेतूनं विचारतात. त्यांना वाटतं की बाईनं ‘मी’ म्हटलं की ती मोकळी झाली. मला हे कुठल्यातरी पुस्तकातून आलेलं खूळ वाटतं. तिला तपासणीचा पत्ता हवा होता, तो मिळाला. ‘मी’ म्हणायचं की ‘जाऊ’ म्हणायचं हे तिचं ती बघेल.

याच कारणासाठी मी एक खेळ घेणं बंद केलंय. सगळ्यांना एका रेषेत उभं करायचं. ज्यांच्या घरी संडास आहे त्यांनी एक पाऊल पुढे, ज्यांचे आईवडील शिकलेले आहेत त्यांनी एक पाऊल पुढे, ज्यांना जातीवरून कुणी कधी बोललं असेल त्यांनी एक पाऊल मागे. पुण्या-मुंबईच्या प्रशिक्षणांत हा फार लाडका. शेवटी कोण कुठे उभं आहे ते बघून पुढे उभ्या असलेल्यांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि त्यांना समाज कळतो. पण सगळ्यात मागे उभ्या राहिलेल्या मुलीचं काय? तिला समाज आधीच कळलेला होता. पुढच्यांच्या शिक्षणासाठी तिला भर मैदानात उभं केलं, एवढंच घडलं. गावात कुणाचं घर कोणत्या आळीत हे सगळ्यांना माहीत असतं, ते पावलांनी मोजून दाखवायची गरज नसते. खेळ घ्यायचाच तर मी पात्रांच्या चिठ्ठ्या वाटते: ‘कारखान्याच्या डॉक्टरची मुलगी, वय १५’, ‘ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याची मुलगी, वय १४, धाकटा भाऊ सांभाळते’, ‘सरपंचांचा मुलगा, नापास’. पावलं त्या पात्रांनी टाकायची. मागे राहिलेली मुलगी मग तावातावानं भांडते, की माझ्या पात्राला शाळा का सोडायला लागली? आणि डॉक्टरच्या मुलीची चिठ्ठी मिळालेला पोरगा पुढे जाऊन उगाच कॉलर ताठ करतो.

लग्नाच्या वयावर आयांशी बोलताना अर्धी गोष्ट कामी येते. एका मुलीला दहावीत स्थळ आलं, मुलगा चांगला, हुंडा नाही, आईबाप सहा महिने फडावर असतात, पोरगी घरी एकटी. पुढे काय करावं त्या आईनं? इथे थांबायचं. कायदा सगळ्यांना पाठ असतो, मुलगी १८ आणि मुलगा २१. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकाची हेही माहीत असतं, आणि ग्रामसेवकभाऊ त्याच लग्नात आहेर देऊन जेवून गेलेले असतात हेही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं १८ च्या आत झालेली होती. चौथ्या फेरीत हाच आकडा २६.३ होता. भाषण करायचं तर एवढं पुरे. पण त्या गोष्टीतल्या आईबद्दल बोलताना बायका सांगतात ते वेगळंच. ‘तिला पोरगी नकोशी नाही झाली. तिला रात्री झोप लागत नाही, पोरगी एकटी म्हणून.’ मग गाडी वसतिगृहावर येते, शेजारच्या आजीवर येते, ‘पोरगी कुणाकडं ठेवावी’ यावर येते. बालविवाह थांबवायचा रस्ता त्या झोपेवरून जातो, असं माझं मत झालंय.

जुना काळ हाही मोठा आडोसा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. मग गावोगाव आमच्यासारख्यांना बोलावणी आली, संक्रांतीच्या हळदी-कुंकवात या विषयावर बोला म्हणून. ‘विधवांना हळदी-कुंकू लावावं का?’ असं विचारलं की सगळ्या ‘हो हो, लावावं’ म्हणतात. घरी जाऊन काय करतात ते निराळं. मी विचारते, तुमच्या आजीच्या वेळी काय व्हायचं हो? मग सुरू होतं. आजीला लाल आलवण नेसवायचे, आजीला शुभकार्यात मागं बसवायचे, आजी स्वतःच नातीच्या ओटीला हात लावायची नाही. सगळं ‘करायचे, करायचे’ चाललेलं असतं. आणि मध्येच कधीतरी क्रियापद घसरतं. ‘बांगड्या फोडतात ना, तेव्हा तो काच मनगटात जातो.’ फोडतात! बोलणाऱ्या काकूंना घसरल्याचं कळलेलं नसतं, ऐकणाऱ्या सगळ्यांना कळलेलं असतं. मी तिथे काही म्हणत नाही. फक्त विचारते, कोण फोडतं? नेमकं कोण? आणि उत्तर येतं, आम्हीच की. नवऱ्याकडच्या बायकाच पुढं होतात. मग पुढच्या वेळी कोण पुढे होणार नाही, हे तिथल्या तिथे नावानिशी ठरतं. ठराव ग्रामपंचायतीनं केलेला असतो, पण स्मशानातून पुरुष परत यायच्या आत घरात जे होतं ते या पाच-सहा बायकांच्या हातात असतं.

आडोशाला एक मर्यादा आहे आणि ती मी सुरुवातीलाच सांगते. ‘इथलं इथेच राहील’ असं सरसकट वचन मी कधीच देत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळल्यावर ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. संस्थेची बाई म्हणून मला त्यातून सुटका नाही. म्हणून आधीच म्हणते, ‘तुमच्या शंका, तुमची गंमत, तुमची भीती कुणाला सांगणार नाही. पण कुणी तुम्हाला इजा करत असेल, तर मी गप्प बसणार नाही. मात्र काय करणार ते आधी तुम्हाला सांगेन.’ काही सहकाऱ्यांना वाटतं, असं सांगितलं तर मुली तोंडच उघडणार नाहीत. कमी बोलतील, हे खरं. पण खोट्या पडद्यामागे बोलावून मग तो ओढून काढण्यापेक्षा ते बरं.

तशी चिठ्ठी आली तर मोठ्यानं वाचायची नाही. मी दोन चिठ्ठ्या एकदम उघडते, दुसरी वाचते आणि पहिली घडी करून पेन्सिलींच्या डबीत ठेवते. मग दुपारी सगळ्यांनाच सांगते, की शाळा सुटल्यावर मी अर्धा तास पाण्याच्या टाकीजवळ बसणार आहे, मला डबे धुवायला दोघी-तिघी हव्यात. टाकी जागा म्हणून चांगली. सगळ्यांना दिसते पण ऐकू येत नाही, आणि तिथे जायला हातात पाण्याची बाटली असली की कारण विचारत नाही कुणी. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर मी फळ्यावर सकाळीच, तारखेच्या खाली लिहिलेला असतो. पुढचं काम बालकल्याण समिती, पोलीस, समुपदेशक यांचं. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

शाळेत शिरायचं कसं, यावर मात्र वेगळा ग्रंथ होईल. २००७ साली शाळांतल्या लैंगिक शिक्षणाला विरोध झाला आणि राज्यानं तो कार्यक्रम थांबवला, त्याची धास्ती काही मुख्याध्यापकांच्या मनातून अजून गेलेली नाही. ‘मॅडम, बाकी सगळं घ्या, ते एक चित्र तेवढं दाखवू नका.’ कोणतं चित्र, तेही सांगायला तयार नसतात. मी वाद घालत नाही. आधी पालकांची बैठक मागते आणि तिथे तेच चित्र दाखवते. आया तोंडाला पदर लावून हसतात, आणि एखादे आजोबा म्हणतात, आम्हाला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मग मुख्याध्यापकांची काही अडचण उरत नाही. कार्यक्रमाला नाव ‘आरोग्य आणि व्यक्तिमत्त्व विकास’ असं द्यायचं. सगळ्यांना माहीत असतं आत काय आहे. हाही पडदाच, मुख्याध्यापकांसाठी बांधलेला.

पैसे देणाऱ्यांना हे पडदे फारसे आवडत नाहीत. त्यांना फोटो हवा असतो, मुलगी हात वर करून बोलतानाचा. एक ‘केस स्टोरी’ हवी असते, नाव बदलून का होईना. आणि ‘भावनिक क्षण’. कार्यशाळेत कुणी रडलं की ती यशस्वी, असा एक समज पसरलाय. मला रडण्याची भीती नाही. पण संध्याकाळी गाडीत बसून मी निघून जाते आणि रडलेली मुलगी त्याच वर्गात दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला बसते. तिथे तिची चौकशी करायला कोण असतं? फोटो मी पाठमोरे देते, कपाचे देते, टोपणांचे देते. एकदा नुसत्या मेथीच्या ढिगाचा दिला होता. त्यावर ईमेल आला, की हा चुकून जोडला गेला आहे का.

त्यांच्याशी माझं खरं भांडण आहे ते दुसऱ्या भेटीचं. अर्जात एका शाळेला एक दिवस असा हिशोब असतो, कारण शाळांची संख्या वाढवून दाखवायची असते. पहिल्या दिवशी मुली मला जोखतात. त्या दिवशीचे प्रश्न पुस्तकातले असतात, बाईला काय येतं ते बघायला विचारलेले. मधल्या महिन्याभरात त्यांना कळतं की कुणाची चिठ्ठी फुटली नाही, सरांनी कुणाला टोकलं नाही, घरी कुणाचा बोभाटा झाला नाही. खरा डबा दुसऱ्या भेटीत भरतो. आता मी अर्धे पैसे तिथेच राखून ठेवते आणि शाळा निम्म्या करते. यावर्षी त्यामुळे एक देणगीदार गेला.

खटावकडच्या एका शाळेत तो पत्र्याचा डबा मी मागेच ठेवून आले, ग्रंथालयाच्या कपाटावर, कापलेल्या कागदांच्या गठ्ठ्यासकट. परवा तिथल्या विज्ञानाच्या सरांचा फोन आला. डबा भरलाय म्हणाले, मुलं खिचडीच्या चिठ्ठ्याही इमानेइतबारे टाकतात. पण उत्तरं मॅडमच देतील असं म्हणतात, तुम्ही कधी येताय? मी म्हटलं, सर, यातल्या मुरुमांच्या, उंचीच्या, केस गळण्याच्या तुम्ही घ्या की. बाकीच्या ठेवा. ते जरा थांबले आणि म्हणाले, ‘पण मला अक्षर ओळखू येतं ना, तुम्हीच सांगितलं होतं.’ मग आमचं ठरलं, की शेजारच्या गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी यांच्या चिठ्ठ्या घ्यायच्या आणि यांनी त्यांच्या. डबे शनिवारी दुपारच्या एस. टी.नं जातील.